फुफ्फुसातील दुय्यम कर्कगाठी : शस्त्रक्रिया की लक्ष्यवेधी किरणोपचार?

शुवैख (कुवेत) : नोकरीसाठी कुवेतला आलेल्या अनेक भारतीयांना शुवैख हे नाव पहिल्याच आठवड्यात ठाऊक होते. बंदर, गॅरेजांची वस्ती किंवा घाऊक फर्निचरची दुकाने यांच्याशी त्यांचा संबंध नंतर येतो. त्याआधी इकामा मिळण्यासाठी लागणारी वैद्यकीय तपासणी याच भागातील केंद्रात होते. पहाटेपासून रांगेत उभे राहायचे, रक्त द्यायचे, श्वास रोखून छातीचा एक्स-रे काढून घ्यायचा आणि बाहेर पडायचे. ते चित्र आपण पुन्हा कधी पाहत नाही. त्याच शुवैखमध्ये, सबाह वैद्यकीय परिसरात, कुवेत कॅन्सर नियंत्रण केंद्रही आहे. देशातील कर्करोगावरील शासकीय उपचारांचे ते मुख्य ठिकाण. काही वर्षांनी एखाद्याला याच भागात पुन्हा यावे लागते, तेव्हा छातीचे चित्र साध्या एक्स-रेचे नसते, सीटी स्कॅनचे असते, आणि अहवालात एक वाक्य असते : दोन्ही फुफ्फुसांत किंवा एका फुफ्फुसात लहान गाठी, मूळ रोगाचा प्रसार संभवतो.

या वाक्यानंतर कुटुंबात जो प्रश्न उठतो, त्याविषयी हा लेख आहे. आतड्याचा, मूत्रपिंडाचा, स्तनाचा किंवा हाडाचा कर्करोग फुफ्फुसात पोहोचला असेल आणि गाठी मोजक्याच असतील, तर त्या कापून काढाव्यात की किरणांनी जाळाव्यात? मुंबईतील एक डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात, कुवेतमधील दुसरे किरणोपचार, आणि लंडनहून चुलतभावाने पाठवलेल्या दुव्यात तिसरेच काही असते. या मतभेदाला कारण आहे, आणि ते डॉक्टरांच्या हट्टापेक्षा पुराव्याच्या स्वरूपात अधिक आहे.

प्रथम फुफ्फुसच का, हे पाहू. शरीरभर फिरून आलेले सर्व अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या भागातून फुफ्फुसांच्या सूक्ष्म केशवाहिन्यांत जाते. रक्तातून निघालेल्या कर्कपेशींना हे पहिले दाट गाळण लागते. मोठ्या आतड्याचे रक्त आधी यकृतात जाते, म्हणून तेथील कर्करोग बहुधा यकृतात आधी दिसतो. गुदाशयाच्या खालच्या भागाचे काही रक्त मात्र यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत मिळते, आणि म्हणून त्या भागाच्या कर्करोगात यकृत स्वच्छ असताना फुफ्फुसात गाठ सापडू शकते. येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. अशी गाठ म्हणजे फुफ्फुसाचा कर्करोग नव्हे. आतड्याच्या कर्करोगाची फुफ्फुसातील गाठ ही आतड्याच्याच पेशींची असते आणि तिच्यावर औषधेही आतड्याच्या कर्करोगाची चालतात. ‘आता दुसरा कॅन्सर झाला’ असे नातेवाइकांत पसरते, ते बहुतेक वेळा चुकीचे असते.

कोणे एके काळी फुफ्फुसात गाठ म्हणजे सारे संपले, असे मानले जाई. या समजुतीला पहिला मोठा धक्का बोस्टनमध्ये बसला. तेथे १९३३ मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या फुफ्फुसातील एकमेव गाठ काढण्यात आली. बार्नी आणि चर्चिल या शल्यविशारदांनी १९३९ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तो रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दोन दशकांहून अधिक काळ जगला आणि अखेर हृदयविकाराने गेला. पुढे १९६५ मध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी काही कसोट्या मांडल्या गेल्या, आणि त्यांचा गाभा आजही तोच आहे : मूळ गाठ ताब्यात असावी, फुफ्फुसाबाहेर रोग नसावा, सर्व गाठी पूर्णपणे काढता येण्याजोग्या असाव्यात आणि रुग्णाची प्रकृती ते सोसणारी असावी. १९९५ मध्ये हेलमन आणि वाइकसेलबाउम यांनी या अवस्थेला नाव दिले. रोग पसरला आहे, पण मोजक्याच ठिकाणी. इंग्रजीत त्याला ‘ऑलिगोमेटास्टॅसिस’ म्हणतात. आपण ‘मोजका प्रसार’ म्हणू.

शस्त्रक्रियेची बाजू मुख्यतः एका मोठ्या नोंदवहीवर उभी आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील १८ केंद्रांनी ५,२०६ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि १९९७ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. ज्यांच्या गाठी पूर्ण काढता आल्या, त्यांपैकी ३६ टक्के पाच वर्षांनी हयात होते, २६ टक्के दहा वर्षांनी आणि २२ टक्के पंधरा वर्षांनी. ज्यांच्या गाठी पूर्ण काढता आल्या नाहीत, त्यांत पाच वर्षांनी १३ टक्के. एकच गाठ असणारे आणि मूळ उपचारानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निरोगी राहिलेले रुग्ण इतरांपेक्षा बरे राहिले. शस्त्रक्रियेमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक टक्का होते. हे आकडे पाहून जगभरच्या शल्यविशारदांचा विश्वास वाढला, आणि तो अकारण नव्हता.

परंतु येथे एक फसगत दडलेली आहे. शस्त्रक्रियेसाठी कोण निवडले जाते? तरुण, धडधाकट, गाठी थोड्या आणि संथपणे वाढणाऱ्या. असे रुग्ण शस्त्रक्रियेविनाही इतरांपेक्षा जास्त जगले असते काय, हे नोंदवही सांगू शकत नाही. त्यासाठी चिठ्ठी टाकून दोन गट करावे लागतात. ब्रिटनमधून चालवलेल्या ‘पल्मिक’ या चाचणीने आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांबाबत तेच करून पाहिले. २०१० च्या अखेरीपासून २०१६ च्या अखेरीपर्यंत सहा वर्षांत केवळ ६५ रुग्ण चिठ्ठीला तयार झाले आणि भरती थांबवावी लागली. कारण उघड आहे : ‘तुमची गाठ काढायची की नाही हे नाणेफेकीने ठरवू’ असे म्हटल्यावर कोण हो म्हणेल? तरीही निकाल विचार करायला लावणारा निघाला. शस्त्रक्रिया झालेल्या गटात पाच वर्षांनी अंदाजे ३८ टक्के हयात राहिले, न झालेल्या गटात २९ टक्के. संख्या इतकी लहान असताना हा फरक निर्णायक म्हणता येत नाही. खरा धक्का दुसऱ्या आकड्याचा होता. शस्त्रक्रिया न केल्यास असे रुग्ण पाच वर्षे जवळपास कोणीच काढत नाहीत, असे वैद्यकजगत धरून चालले होते. प्रत्यक्षात दर दहांपैकी सुमारे तीन जणांनी ती काढली. शस्त्रक्रियेच्या यशाचा बराचसा वाटा निवडीचा असावा, हे तेव्हापासून नाकारणे कठीण झाले आहे. शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असे मात्र या चाचणीने दाखवलेले नाही. पत्रकार म्हणून मला असे मथळे बऱ्याचदा दिसतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

किरणोपचारांचा प्रवास निराळा आहे. नेहमीच्या किरणोपचारात दररोज सुमारे २ ग्रे मात्रा पाच-सहा आठवडे दिली जाते. लक्ष्यवेधी पद्धतीत, जिला डॉक्टर एसबीआरटी किंवा सेबर म्हणतात, तीच ऊर्जा अनेक दिशांनी एका बिंदूवर एकवटतात. त्यामुळे प्रत्येक किरणशलाकेच्या वाटेतील निरोगी ऊतींना थोडीच मात्रा लागते आणि गाठीवर मात्र एका बैठकीत बरीच मोठी, अनेकदा १२ ते १८ ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा पडते. तीन बैठकींत ५४ ग्रे, चारांत ४८, आठांत ६० अशा मांडण्या प्रचलित आहेत. अडचण श्वासाची असते. फुफ्फुसाच्या तळाकडची गाठ प्रत्येक श्वासागणिक वरखाली सरकते. म्हणून आधी श्वासाच्या सर्व अवस्था टिपणारा चार मितींचा सीटी स्कॅन करतात, रुग्णाला त्याच्या शरीराच्या साच्यात स्थिर निजवतात आणि प्रत्येक बैठकीआधी यंत्रावरच पुन्हा चित्र घेऊन गाठ जागेवर आहे याची खात्री करतात. चिरा नाही, भूल नाही, रुग्णालयात मुक्काम नाही. ‘सायबरनाइफ’ हे यातील एका यंत्राचे व्यापारी नाव आहे. तेच यंत्र हवे असा आग्रह अनेक नातेवाईक धरतात. साधे आधुनिक लिनिअर अॅक्सिलरेटर आणि ते चालवणारा सरावलेला चमू असेल तर उपचार तितकाच चोख होतो. यंत्रापेक्षा त्यामागचा भौतिकशास्त्रज्ञ महत्त्वाचा, असे माझे मत होत चालले आहे.

या पद्धतीचा सर्वाधिक उद्धृत पुरावा ‘सेबर-कॉमेट’ चाचणीचा. कॅनडा, स्कॉटलंड, नेदरलँड्स व ऑस्ट्रेलियातील ९९ रुग्ण, विविध अवयवांचे मूळ कर्करोग, एक ते पाच दुय्यम गाठी. नेहमीच्या उपचारांवरच असलेल्या गटाचे मध्यमान आयुर्मान २८ महिने, लक्ष्यवेधी किरणोपचार जोडलेल्या गटाचे ४१ महिने. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १७.७ आणि ४२.३ टक्के. आकडे प्रभावी आहेत, पण त्यांना जोडून दोन गोष्टी सांगायला हव्यात. किरणोपचार मिळालेल्या ६६ पैकी ३ जणांचा मृत्यू उपचाराशी संबंधित असावा असे नोंदले गेले. शिवाय, तुलनेने संथ वाढणारा प्रोस्टेटचा कर्करोग असलेले रुग्ण चिठ्ठीच्या योगायोगाने किरणोपचाराच्या गटात अधिक पडले. या दोन्ही शंका फेडण्यासाठी कॉमेट-३ व कॉमेट-१० या मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. स्तनाच्या कर्करोगापुरती अशी एक वेगळी चाचणी अमेरिकेत झाली. तिचा निकाल २०२२ मध्ये मांडला गेला आणि त्यात औषधोपचाराला किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया जोडून लाभ दिसला नाही. म्हणजे ‘मोजका प्रसार’ हे नाव एक असले तरी अवयवागणिक त्याचा स्वभाव बदलतो.

केवळ फुफ्फुसातील गाठींवरची चाचणी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये झाली : ‘सॅफ्रन-२’. एक ते तीन गाठी, फुफ्फुसाच्या परिघाकडील, पाच सेंटिमीटरपर्यंतच्या. ९० रुग्णांपैकी निम्म्यांना एकाच बैठकीत २८ ग्रे, उरलेल्यांना चार बैठकींत ४८ ग्रे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात गंभीर दुष्परिणाम दोन्हीकडे थोडे होते आणि परिणामकारकतेत लक्षणीय अंतर आढळले नाही. दूरच्या गावाहून येणाऱ्या किंवा रजा जपून वापरणाऱ्या रुग्णाला एका दिवसात उपचार संपणे ही लहान गोष्ट नव्हे.

शस्त्रक्रिया विरुद्ध किरणोपचार, असा थेट सामना मोठ्या चाचणीत झालेला नाही. जे आहे ते मागे वळून केलेले हिशेब. त्यांतील नेदरलँड्समधील ग्रोनिंगनचा एक २०१३ चा अभ्यास मला विशेष बोलका वाटतो. तेथे शस्त्रक्रिया हीच पहिली पसंती होती. ज्यांना ती झेपणार नाही असे वाटले, त्यांनाच किरणोपचार दिले. म्हणजे किरणोपचाराच्या गटाकडे मुळातच अधिक अडचणी होत्या. तरीही पाच वर्षांनी शस्त्रक्रियेच्या ६८ रुग्णांत ४१ टक्के आणि किरणोपचाराच्या ४२ रुग्णांत ४९ टक्के हयात होते, आणि उपचार केलेल्या गाठीवरचे नियंत्रणही दोन वर्षांनी दोन्हीकडे ९० टक्क्यांच्या घरात होते. संख्या लहान, यावरून किरणोपचार सरस असे कोणी म्हणू नये. पण ‘ऑपरेशन जमत नाही म्हणून नाइलाजाने रेडिएशन’ ही आपल्याकडची भाषा आता जुनी झाली, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

मग निवड कशावर व्हावी? पहिला प्रश्न मूळ रोगाचा. वृषणाच्या कर्करोगात फुफ्फुसभर गाठी असल्या तरी आधी केमोथेरपी. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचा रोग १९९६ मध्ये फुफ्फुसांत आणि मेंदूपर्यंत पोहोचला होता, आणि उपचाराचा कणा केमोथेरपीच होता. त्यानंतर उरलेली गाठ मात्र शस्त्रक्रियेनेच काढतात, कारण तिच्यात टेराटोमा असेल तर किरणांचा व औषधांचा उपयोग होत नाही. हाडाच्या सार्कोमात, जो किशोरवयीन मुलांत आढळतो, शस्त्रक्रियेचे स्थान अजून भक्कम आहे. पुन्हा गाठी आल्या तर पुन्हा छाती उघडून त्या काढल्या जातात. थायरॉइडच्या काही कर्करोगांत फुफ्फुसातील प्रसारावर किरणोत्सारी आयोडीन चालते आणि शस्त्रक्रिया की लक्ष्यवेधी किरण हा प्रश्नच बहुधा उद्भवत नाही. मूत्रपिंडाचा कर्करोग नेहमीच्या किरणोपचाराला दाद देत नाही असे शिकवले जाई. लक्ष्यवेधी पद्धतीच्या मोठ्या मात्रेला तो चांगली दाद देतो. उलट आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी किरणांपुढे जरा चिवट ठरतात आणि त्यांना मात्रा वाढवून द्यावी लागते.

दुसरा प्रश्न जागेचा. फुफ्फुसाच्या कडेची लहान गाठ दुर्बिणीतून पाचरीसारखा तुकडा कापून सहज निघते आणि किरणांनाही ती सोपी असते. मध्यभागी, मोठ्या श्वासनलिकेच्या दोन सेंटिमीटर परिसरात गाठ असेल तर दोन्ही मार्ग बिकट होतात. शल्यविशारदाला तेथे फुफ्फुसाचा संपूर्ण खंड काढावा लागू शकतो. किरणोपचारात नलिकेला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा होऊन जीवघेणा रक्तस्राव होण्याची भीती असते. उत्तर युरोपातील ‘हायलस’ अभ्यासात अशा अतिमध्यवर्ती गाठींच्या ६५ रुग्णांपैकी १० जणांचे मृत्यू उपचाराशी संबंधित असू शकतात, असे नोंदले गेले. ‘रेडिएशन म्हणजे बिनधोक’ हा समज येथे कोसळतो. तसेच ज्यांना फुफ्फुसाचा तंतुमय विकार आधीपासून आहे, त्यांच्यात किरणांमुळे होणारी फुफ्फुसाची सूज प्राणावर बेतू शकते. ती उपचारानंतर एक ते सहा महिन्यांत उद्भवते, म्हणजे रुग्ण घरी जाऊन कामाला लागल्यानंतर.

आणि तिसरा प्रश्न, जो भारतीय रुग्णांबाबत सर्वांत आधी विचारला जायला हवा : ती गाठ कर्करोगाचीच आहे काय?

क्षयरोग आपल्या देशात इतका पसरलेला आहे की पन्नाशीच्या अनेक भारतीयांच्या फुफ्फुसात त्याची जुनी खूण असते. क्षयाची जिवंत गाठ पेट स्कॅनमध्येही कर्कगाठीसारखीच उजळते. आखाती देशांत याला एक सामाजिक पदर आहे. नोकरीच्या व्हिसासाठी मुंबईत होणाऱ्या तपासणीत आणि नंतर येथे शुवैखमध्ये छातीच्या एक्स-रेत जुना व्रण दिसला, तर अपात्र ठरण्याची धास्ती असते. त्यामुळे लहानपणी घेतलेल्या क्षयाच्या औषधांचा उल्लेख करायचा नाही, ही सवय अनेकांच्या अंगवळणी पडते. मग वीस वर्षांनी कर्करोगतज्ज्ञाने विचारले तरी उत्तर ‘नाही’ असेच येते. या एका ‘नाही’पायी क्षयाच्या व्रणाला कर्करोगाचा चौथा टप्पा समजले जाऊ शकते. ज्यांच्या घरी हा इतिहास आहे, त्यांनी तो डॉक्टरांना सांगावाच. तंबाखूजन्य मुखाच्या कर्करोगाची गोष्ट आणखी वेगळी. त्या रुग्णाच्या फुफ्फुसातील एकुलती गाठ म्हणजे पसरलेला जुना रोग असेल किंवा तंबाखूनेच उत्पन्न केलेला नवा, फुफ्फुसाचा स्वतंत्र कर्करोग असेल. सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्ही सारखे दिसू शकतात आणि उपचार मात्र भिन्न आहेत.

शस्त्रक्रियेचा मोठा लाभ येथे आहे. काढलेली गाठ प्रयोगशाळेत जाते आणि शंका फिटते. शिवाय पेशींचे गुणधर्म बदलले असतील तर औषधही बदलता येते, स्तनाच्या कर्करोगात तर हे विशेष महत्त्वाचे. किरणोपचारात गाठ शरीरातच विरते, म्हणून आधी सुईने नमुना घ्यावा लागतो किंवा चित्रांवर विसंबावे लागते. अगदी लहान, सहा-आठ मिलिमीटरपेक्षा कमी गाठीचा नमुना घेणे अवघड आणि पेट स्कॅनही तेथे भरवशाचा नाही. अशा वेळी डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करू म्हणतात. कुटुंबाला हा वेळकाढूपणा वाटतो. पण त्या काळात गाठ जैसे थे राहिली, एकाच्या पाच झाल्या की विरून गेली, यातून जे कळते ते दुसऱ्या कोणत्याही तपासणीतून कळत नाही. पाच झाल्या असतील तर घाईने केलेली शस्त्रक्रिया वाया गेली असती.

कुवेतमध्ये राहणाऱ्यांसाठी वैद्यकीय प्रश्नांबरोबर काही कागदी प्रश्नही येतात आणि ते कमी महत्त्वाचे नाहीत. खासगी क्षेत्राच्या २०१० च्या कामगार कायद्यानुसार वर्षाला १५ दिवसांची आजारपणाची रजा पूर्ण पगारी, त्यानंतरचे १० दिवस पाऊण पगारावर, १० अर्ध्या, १० पाव आणि ३० दिवस बिनपगारी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांचाच असतो, पण कामावर पूर्ववत रुजू होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. छाती उघडावी लागली तर त्याहून अधिक. दोन्ही बाजूंस गाठी असतील तर काही आठवड्यांच्या अंतराने दोन शस्त्रक्रिया. म्हणजे पूर्ण पगाराची रजा पहिल्याच शस्त्रक्रियेत संपते. लक्ष्यवेधी किरणोपचाराची तयारी एक-दोन आठवड्यांची, बैठका एक ते आठ, आणि त्या काळात पुष्कळ जण कामावर जातात. ज्याचा इकामा नोकरीला जोडलेला आहे आणि ज्याच्या इकाम्याला पत्नी-मुलांचा इकामा जोडलेला आहे, त्याच्यासाठी हा फरक आकड्यांच्या तक्त्यात न दिसणारा आहे. तो डॉक्टरांसमोर बोलून दाखवण्यात संकोच नसावा. मात्र केवळ रजेसाठी किरणोपचार निवडला आणि निदानच करायचे राहिले, असेही होऊ नये.

उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्यांनी दुसरी मर्यादा ध्यानात ठेवावी : कुवेतबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिल्यास इकामा रद्द होऊ शकतो. शस्त्रक्रिया आणि पुढे केमोथेरपी असा बेत असेल तर सहा महिने पाहता पाहता संपतात. येथेच उपचार घ्यायचे तर परदेशी नागरिकांसाठी शासकीय आरोग्यसेवेचे शुल्क ऑक्टोबर २०१७ पासून वाढलेले आहे, आणि कंपनीच्या विम्यात किरणोपचार येतो की नाही हे पॉलिसी वाचूनच कळते. विमानप्रवासाविषयीही विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर किंवा सुईने नमुना घेतल्यानंतर छातीत हवा साठलेली असेल तर ती पूर्ण विरेपर्यंत विमानात बसू नये. उंचीवर ती हवा प्रसरण पावते. मुंबईहून चार तासांचे अंतर म्हणजे ‘जवळच’ असे धरून चालणाऱ्यांना हे माहीत नसते.

जाण्याआधी मत मागवणे आता सोपे झाले आहे. १९४१ पासून परळमध्ये उभे असलेले टाटा स्मारक रुग्णालय आणि राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड यांच्या सहयोगाने ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा चालते आणि तिच्यामार्फत घरबसल्या तज्ज्ञांचे लेखी मत मिळू शकते. मात्र त्या मताचा दर्जा आपण पाठवलेल्या कागदांवर अवलंबून असतो. सीटीचा केवळ टंकलिखित अहवाल किंवा मोबाइलवर टिपलेली फिल्म पुरत नाही. मूळ चित्रांची डिस्क लागते. मूळ शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे मेणात बसवलेले ठोकळे त्या रुग्णालयाकडून मागून घेता येतात, आणि फुफ्फुसातील नव्या नमुन्याशी त्यांची तुलना करता येते. आधीचे सर्व स्कॅन जपून ठेवावेत. पाच वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये तीच गाठ त्याच आकाराची दिसली, तर एका क्षणात चित्र पालटते.

किरणोपचार झाला असेल तर मात्रेचा आराखडा दाखवणारा अहवाल मागून घ्यावा, कारण पुढे त्याच भागाला पुन्हा किरण द्यायची वेळ आली तर त्याशिवाय हिशेब करता येत नाही. उपचारानंतरच्या सीटीत त्या जागी पांढुरका पट्टा दिसतो. तो बहुधा जखम भरल्याची खूण असते, पण महिनोन् महिने बदलत राहतो आणि नव्या ठिकाणच्या, पूर्वेतिहास न जाणणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाला रोग परतल्यासारखा भासू शकतो. देश बदलणाऱ्या, नोकरीमागे दुबई-दोहा-कुवेत फिरणाऱ्या आपल्या लोकांबाबत हे वारंवार घडण्यासारखे आहे. प्रत्येक स्कॅनच्या वेळी किरणोपचाराची तारीख व जागा तंत्रज्ञाला सांगावी.

सुईवाटे उष्णतेने किंवा अतिशीत तापमानाने गाठ नष्ट करण्याचा तिसरा मार्गही काही केंद्रांत आहे. लहान व मोजक्या गाठींसाठी तो विचारात घेतला जातो. आणि अनेकदा मार्ग मिसळतात. उजव्या फुफ्फुसातील कडेची गाठ दुर्बिणीने काढून निदान पक्के करायचे आणि डावीकडील खोल गाठीला किरण द्यायचे, हा आज सर्रास घेतला जाणारा निर्णय आहे. तो एकटा शल्यविशारद किंवा एकटा किरणतज्ज्ञ घेऊ शकत नाही. म्हणून भेटीत विचारावयाचा पहिला प्रश्न असा : हे प्रकरण ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे सर्व शाखांच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत गेले आहे काय, आणि तेथे छातीचा शल्यविशारद व लक्ष्यवेधी किरणोपचार करणारा तज्ज्ञ दोघेही हजर होते काय? उत्तर ‘नाही’ असेल तर तशी विनंती लेखी करावी आणि बैठकीच्या निर्णयाची प्रत मागून घ्यावी. दुसऱ्या मतासाठी परळला पाठवायच्या कागदांत ती सर्वांत वर ठेवावी.